हेरा तरुणपणीच गेली

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेच्या अगदी शेवटी, अवकाशातली सगळी धावपळ संपल्यावर, आपण एकदम आजच्या न्यूयॉर्कमध्ये येतो. टाइम्स स्क्वेअरवर एक माणूस मासिक वाचत उभा असतो. (हा माणूस म्हणजे मालिकेचा कर्ता रोनाल्ड मूर स्वतः.) मासिकातली बातमी अशी की टांझानियात एका तरुण स्त्रीचे अश्मीभूत अवशेष सापडले आहेत आणि आजच्या साऱ्या माणसांची ती आदिमाता असावी. दोघं जण त्याच्या खांद्यावरून डोकावून ती बातमी वाचतात आणि त्यांच्या बोलण्यातून आपल्याला कळतं की ती स्त्री म्हणजे हेरा. बाप माणूस आणि आई सायलॉन (माणसासारखी दिसणारी यंत्रमानव) असलेली ती चिमुरडी, जिला सोडवण्यासाठी शेवटच्या भागात अख्खं जहाज पणाला लावलं गेलं होतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दुसऱ्यांदा पाहताना मी ‘तरुण’ या शब्दाशी अडखळले. म्हणजे हेरा म्हातारी होऊन, नातवंडांच्या गराड्यात गेली नाही. कशाने गेली असेल? बाळंतपणात, तापाने की पायाला झालेली जखम चिघळून? ज्या पोरीसाठी इतक्या जणांनी जीव दिला, ती प्रतिजैविकाच्या चार गोळ्या नाहीत म्हणून गेली असेल, तर त्या गोळ्या का नव्हत्या, हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर मालिकेतच आहे. गोळ्या, त्या बनवण्याची विद्या, शस्त्रक्रियेची अवजारं, पुस्तकं, नोंदी, सगळं जाणूनबुजून सोडून देण्यात आलं होतं. जहाजं तर सूर्यात सोडली होती.

या शेवटाविषयी मला जे म्हणायचं आहे ते या निर्णयापाशी सुरू होतं. पण ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी गोष्ट.

डिसेंबर २००३ मध्ये एका छोट्या मालिकेने सुरुवात झाली आणि २० मार्च २००९ रोजी ‘डेब्रेक’ या भागाने शेवट. १९७८ सालच्या एका जुन्या मालिकेचा हा नवा अवतार. माणसांनी घडवलेले सायलॉन यंत्रमानव चाळीस वर्षांच्या शांततेनंतर परत येतात आणि माणसांच्या बाराही वसाहती अणुबाँबनी बेचिराख करतात. उरतात सुमारे पन्नास हजार माणसं, काही जहाजं आणि एक जुनाट युद्धनौका, गॅलॅक्टिका. आता सायलॉनही माणसांसारखे दिसतात, प्रेम करतात, प्रार्थना करतात. पळ काढत, ‘पृथ्वी’ नावाच्या दंतकथेतल्या जागेचा शोध घेत हा तांडा चार हंगाम भटकतो. अखेर तो खरोखरच आपल्या पृथ्वीवर पोचतो, पण दीड लाख वर्षांपूर्वीच्या. तिथे माणसासारखीच, अजून भाषा नसलेली माणसं गवताळ रानात शिकार करत हिंडत असतात.

शेवट झाला तेव्हा लोक चिडले ते मुख्यतः दोन गोष्टींवर. एक, देव आणि देवदूत. बाल्टर या शास्त्रज्ञाला आणि कॅप्रिका सिक्स या सायलॉन स्त्रीला दिसणाऱ्या त्या दोन आकृती शेवटी खरोखरच कुण्या दैवी शक्तीचे दूत निघाल्या. दुसरी गोष्ट कारा थ्रेस. ही वैमानिक तिसऱ्या हंगामात मरते, नव्याकोऱ्या विमानातून परत येते, पुढे तिला स्वतःचंच जळालेलं प्रेत सापडतं, आणि शेवटी गॅलॅक्टिकाच्या कप्तानाचा मुलगा ली तिच्याशी बोलता बोलता मान वळवतो तर ती तिथे नसतेच. ती कोण होती, याचं उत्तर नाही.

हा राग मला कळतो, पण पटत नाही. देवाची चाहूल मालिकेत पहिल्या दिवसापासून होती. भविष्यवाण्या, स्वप्नं, ऑपेरा हाउसचा तो दृष्टांत, सगळं खुलेआम मांडलेलं होतं, आणि ज्यांनी चार हंगाम ते ‘नंतर शास्त्रीय खुलासा येईल’ म्हणून बाजूला ठेवलं, त्यांची फसवणूक मालिकेने केली असं मला म्हणवत नाही. काराच्या बाबतीत तर मी शेवटाच्या बाजूने आहे. आपल्यातून माणसं अशीच जातात. आपलं वाक्य अर्धं असतं आणि समोरची जागा रिकामी होते. खुलासा मिळाला असता तर तो प्रसंग इतका खोल रुतला नसता.

दोष आहे तो दुसरीकडे, आणि त्याबद्दल लोक त्या मानाने कमी बोलले. कारण तो प्रसंग सुंदर आहे. हिरवी कुरणं, ऊन, हरणांचे कळप. ली म्हणतो की नवं शहर बांधायचं नाही. आपलं विज्ञान पुढे धावत राहिलं आणि आत्मा मागे पडला, तेव्हा आता सगळं सोडून देऊ आणि नव्याने सुरू करू. असं केलं तरच हे चक्र तुटेल. हे सगळं पूर्वीही घडलं आहे आणि पुन्हा घडणार आहे, हे वाक्य मालिकाभर मंत्रासारखं येत राहतं. माणूस यंत्र घडवतो, यंत्र उलटतं, संहार होतो, उरलेले पळतात, पुन्हा यंत्र घडवतात. ते चक्र तोडण्याचा उपाय म्हणून ली विस्मरण सुचवतो आणि सगळे मान डोलावतात. सॅम अँडर्स तांडा घेऊन सूर्याकडे निघतो, मागे जुन्या मालिकेची धून वाजते, आणि आपण डोळे पुसतो.

माझं म्हणणं असं की हा उपाय चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे या मालिकेनेच आपल्याला पाच वर्षं शिकवलं होतं.

सुरुवात आठवा. गॅलॅक्टिका हल्ल्यातून का वाचली? कारण ती म्हातारी झाली होती. तिला सेवेतून काढून तिचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. तिच्यावरचे संगणक एकमेकांना जोडलेले नव्हते, कारण तिच्या कप्तानाला, अ‍ॅडामाला, चाळीस वर्षांपूर्वीचं युद्ध आठवत होतं. जोडलेल्या यंत्रांमध्ये सायलॉन कसे शिरतात, हे तो विसरला नव्हता. बाकीचं आरमार विसरलं, नव्या जोडलेल्या प्रणाली बसवून मोकळं झालं आणि काही तासांत नष्ट झालं. म्हणजे माणूसजात जगली ती एका हट्टी म्हाताऱ्याच्या स्मरणामुळे आणि संग्रहालयात ठेवण्यासाठी जपलेल्या एका वस्तूमुळे. तिच्या निवृत्तीच्या समारंभात अ‍ॅडामा हातातलं भाषण बाजूला ठेवून बोलतो की आपण जे केलं त्यापासून लपता येत नाही, कधी ना कधी तो दिवस येतोच. मालिकेचा पायाच हे वाक्य आहे. आणि शेवटच्या भागात तेच संग्रहालय तोच माणूस सूर्यात पाठवतो.

मग तो फळा. राष्ट्राध्यक्ष लॉरा रोझलिनच्या कचेरीतला पांढरा फळा, ज्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला असायचा. सुरुवातीच्या ‘३३’ नावाच्या भागात सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करतात, तांडा अवकाशात दूरदूर २३७ उड्या मारून सुटत राहतो, माणसं पाच दिवस झोपलेली नसतात. त्या भागाच्या शेवटी रोझलिनला कळतं की एका जहाजावर मूल जन्मलं आहे. ती ४७,९७२ हा आकडा पुसून ४७,९७३ करते. बस, इतकंच. दूरचित्रवाणीवरच्या माझ्या सगळ्या आठवणींत हा क्षण फार वर आहे. शिक्षण खात्यात काम केलेली ही बाई, वारसाक्रमात त्रेचाळिसाव्या नंबरवरून अध्यक्षपदावर आलेली, राज्य करायला बसते तेव्हा आधी मोजदाद करते. कोण गेलं, कोण आलं, याची नोंद ठेवणं हेच तिचं राज्यकर्तव्य. गॅलॅक्टिकाच्या बोळातल्या भिंतीवर मेलेल्यांचे फोटो लावलेले असायचे आणि जाता येता माणसं तिथे हात टेकायची. ती भिंत जहाजाचीच होती, जहाजाबरोबरच गेली. पृथ्वीवर उतरले ते अडतीस-एकोणचाळीस हजार. त्यानंतरचा आकडा कुणी लिहिला नाही.

आणि ली! बाल्टरवरच्या फितुरीच्या खटल्यात साक्षीला उभा राहून जे बोलतो ते याच लीचं भाषण आहे. बाल्टरला एकट्याला फासावर चढवून आपण सुटू पाहतो आहोत, असं तो म्हणतो आणि मग एकेकाचे गुन्हे मोजून दाखवतो. स्वतःपासून. हजारावर प्रवासी असलेलं एक नागरी जहाज त्याने स्वतः पाडलं होतं, त्याला माफी मिळाली. त्याच्या बापाने लष्करी उठाव केला, त्याला माफी मिळाली. कोर्टात सगळे गप्प होतात, कारण यादी खरी असते. त्या भाषणाचं बळ त्याच्या आठवणीत होतं. क्षमा करायची तर काय घडलं ते आधी नाव घेऊन सांगावं लागतं, हे त्याला तेव्हा कळत होतं. एका हंगामानंतर तोच माणूस कोऱ्या पाटीची भाषा बोलतो, हे मला स्वभावाशी विसंगत वाटतं. दमलेल्या लेखकांनी दमलेल्या पात्राच्या तोंडी ते घातलं असावं, असा माझा तर्क आहे.

शेवटच्या भागाच्या तीनच दिवस आधी, १७ मार्च २००९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चासत्र झालं होतं. निर्माते आणि अ‍ॅडामा व रोझलिन साकारणारे नट, एडवर्ड जेम्स ओल्मोस आणि मेरी मॅकडॉनेल, तिथे बसले होते. मानवी हक्क, दहशतवाद, युद्धात ओढली जाणारी मुलं, समाजांमधला समेट असे विषय. एका अवकाशमालिकेला हा मान मिळाला, कारण तिने इराक युद्धाच्या काळात छळछावण्या, व्याप्त प्रदेश, आत्मघातकी हल्ले हे सगळं अमेरिकी घरांत आणून ठेवलं, आणि तेही आत्मघातकी हल्ला करणाऱ्याच्या बाजूला आपली लाडकी पात्रं उभी करून. समेटावर बोलायला जिला जगाच्या व्यासपीठावर बोलावलं, त्या मालिकेने त्याच आठवड्यात समेटाऐवजी विस्मरण निवडलं. वर्णभेदानंतर दक्षिण आफ्रिकेत नेमलेल्या आयोगाच्या नावात ‘सत्य’ आधी येतं आणि ‘समेट’ नंतर, ते उगाच नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती हलकी नाही.

ही माणसं थकलेली आहेत. चार वर्षं पत्र्याच्या खोल्यांत, पुनःपुन्हा गाळलेल्या हवेत जगलेली. जहाजं मोडकळीला आली आहेत, कारखाने नाहीत. न्यू कॅप्रिका नावाच्या ग्रहावर एकदा शहर वसवून पाहिलं, ते सायलॉननी व्यापल्यावर काय झालं ते साऱ्यांनी भोगलं आहे. आणि सर्वांत वजनदार मुद्दा म्हणजे इथे आधीपासून माणसं आहेत. बंदुका आणि विमानं घेऊन भाला धरणाऱ्यांच्या शेजारी वसाहत केली की पुढे काय होतं, हे आपल्या देशाला कुणी वेगळं सांगायला नको. शस्त्रं सूर्यात टाकली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ती टाकायलाच हवी होती.

पण शस्त्रं टाकणं वेगळं आणि सुईण, साबण, अक्षर, वही टाकणं वेगळं. मालिका या दोहोंत फरकच करत नाही. शिवाय ठरवलं कुणी? या मालिकेने निवडणुकांवर, मतमोजणीतल्या लबाडीवर, बारा वसाहतींच्या प्रतिनिधी मंडळावर भागच्या भाग खर्च केले. इथे माळावर उभे राहून चार-सहा जण बोलतात आणि पडद्यावर मतदान काही दिसत नाही. लोक इतक्या सहज कसे तयार झाले याचं पात्रांनाही नवल वाटतं, आणि उत्तर मिळतं की कोऱ्या पाटीची ओढ कमी लेखू नये. असेल. पण त्या पाटीवर ज्यांना पुढे जगायचं होतं त्या लेकरांना कोण विचारणार होतं? शिकारीवर जगणाऱ्या समाजांत जवळपास निम्मी मुलं मोठी होण्याआधीच जातात. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून तो कुरणातला सुंदर प्रसंग पुन्हा पाहावा.

त्या आदिमातेसाठीचा ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’ हा शब्दही मालिकेने जरा सैल वापरला आहे. १९८७ साली बर्कलीच्या तीन शास्त्रज्ञांनी १४७ जणांच्या पेशींमधल्या, फक्त आईकडून येणाऱ्या जनुकद्रव्याची तुलना करून दाखवलं की आपल्या सगळ्यांच्या आईच्या आईच्या आईच्या रेषा मागे एका स्त्रीपाशी मिळतात. ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची आणि बहुधा आफ्रिकेतली. ती पहिली स्त्री नव्हती, एकटीही नव्हती. तिच्या काळातल्या इतर बायकांचं रक्तही आपल्यात असू शकतं, फक्त त्यांची आईकडून मुलीकडे जाणारी अखंड रेषा कुठे ना कुठे तुटली. म्हणजे हेरा जर ती असेल, तर तिच्या आईची रेषा सोडून तांड्यातल्या बाकी सगळ्या बायकांच्या त्या रेषा मिटल्या. शेवट ज्याला आनंदवार्ता म्हणून सांगतो, त्याचा हिशेब हा असा आहे.

या मालिकेचं आणि आपलं एक नातं आहे, आणि मला त्यानेच जास्त लागलं. तिचं शीर्षकगीत रिचर्ड गिब्सने रचलं आणि त्यातले शब्द गायत्री मंत्राचे आहेत. आमच्या घरी आजोबा संध्येला बसत तेव्हा ऐकलेले शब्द, एका परक्या भूमीतल्या अवकाशकथेच्या सुरुवातीला. ‘तत्सवितुर्वरेण्यं’ हे सूर्याला उद्देशून आहे, आणि मागणं काय, तर ‘धियो यो नः प्रचोदयात्’, आमच्या बुद्धीला चालना दे. दर भागाच्या आरंभी सूर्याकडे बुद्धी मागणाऱ्या या मालिकेने शेवटी बुद्धीने मिळवलेलं सगळं सूर्यालाच परत दिलं. एखाद्याला ते समर्पण वाटेल. मला ते मागणं मागे घेतल्यासारखं वाटलं.

काळ चक्रासारखा फिरतो ही कल्पना आपल्याला नवी नाही. युगं येतात, प्रलय होतो, पुन्हा सृष्टी. पण आपल्या प्रलयकथेत होडीत काय काय चढतं ते पाहा. मत्स्यावताराच्या गोष्टीत मनू सगळ्या वनस्पतींची बीजं घेतो आणि सोबत सप्तर्षींना घेतो. भागवतात तर मत्स्य चोरीला गेलेले वेद परत आणून देतो. ज्या परंपरेने चक्र सर्वांत गंभीरपणे मानलं, तिने एका कल्पातून दुसऱ्यात बियाणं आणि विद्या या दोन गोष्टी काळजीने वाहून नेल्या. आणि विद्या संपवायची म्हणून बुडवली तर काय होतं, हे देहूच्या माणसाला विचारावं. इंद्रायणीत गेलेली गाथा तरली, ही श्रद्धा आपण साडेतीनशे वर्षं उराशी धरली ती त्यातलं काही विसरायचं नव्हतं म्हणूनच.

मालिकेतही हे ज्ञान होतं. आधीच्या एका संहारातून वाचलेले ‘अंतिम पाच’ सायलॉन दोन हजार वर्षांचा प्रवास करून वसाहतींकडे आले ते कशासाठी? आमच्याकडे जे झालं ते तुमच्याकडे होऊ देऊ नका, हा निरोप द्यायला. आठवण वाहून आणणारे पाच जण. ते वेळेवर पोचले नाहीत, ही त्यांची शोकांतिका. त्यातून घ्यायचा धडा इतकाच होता की पुढच्या वेळी निरोप लवकर पोचावा, अधिक ठसठशीत असावा, दगडावर कोरलेला असावा. तांड्याने मात्र पुढच्या पिढ्यांसाठी दगडावर एक ओळही ठेवली नाही.

मग या शेवटाचा अर्थ लावायचा कसा? मी तो असा लावते की दिग्दर्शक जे संगीत वाजवतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, जे दाखवतो त्यावर ठेवायचा. टाइम्स स्क्वेअरच्या पडद्यांवर शेवटी काय दिसतं? नाचणारे, हसणारे यंत्रमानव. दीड लाख वर्षांनी आपण नेमके त्याच जागी उभे आहोत आणि आपल्याला कुणी सावध केलेलं नाही, कारण सावध करू शकणारं सगळं जळालं. कॅप्रिका सिक्सच्या रूपातली ती आकृती म्हणते की इतक्या वेळा झाल्यावर कधीतरी काही वेगळं घडूही शकतं. हे आशेचं वाक्य म्हणून टाकलं आहे, पण फासे टाकत राहिलो तर कधीतरी बरं दान पडेल, यापलीकडे त्यात काही नाही. लीची योजना फसली, याचा पुरावा त्याच भागात, त्याच पडद्यावर आहे. ‘डेब्रेक’ला मी सुखांत समजत नाही. उन्हात घडलेला तो पराभव आहे, आणि तसा पाहिला की तो खरा, मोठा शेवट वाटू लागतो. २००९ मध्ये तो नाच करणारा यंत्रमानव खेळणं वाटला होता. आज यंत्रं आपल्याशी आपल्या भाषेत बोलतात, आणि ‘हे सगळं बंद करून गावाकडे जाऊ’ असं वाटण्याचे क्षण माझ्याही आयुष्यात येतात. त्या ओढीची मला लाज वाटत नाही. पण कुठल्या प्रणाली कशा चुकल्या, कुणाचं नुकसान झालं, कुणी इशारा दिला होता, याची वही लिहिणारी माणसं आज मला सगळ्यात जास्त लागतात. त्या वहीला पर्याय म्हणून कुणी मला कुरण दाखवलं तर ते मी घेणार नाही.

या शेवटातला मला सर्वांत प्रिय प्रसंग बाल्टरचा आहे. गायस बाल्टर हा शास्त्रज्ञ, फितूर, राष्ट्राध्यक्ष, पाखंडी गुरू, सगळं होऊन गेलेला. तो मूळचा एरिलॉन नावाच्या शेतकरी वसाहतीतला. तिथल्या बोलीची आणि शेतकरी बापाची लाज वाटून त्याने पोरवयातच आपला हेल घासून पुसून टाकला होता. जन्मभर त्याने एक गोष्ट मनापासून केली, ती विसरण्याची. आणि शेवटी, हातात काहीच उरलेलं नसताना, डोंगरउताराकडे बघत तो कॅप्रिका सिक्सला सांगतो की मला शेतीतलं थोडंफार कळतं. एवढं बोलताना त्याला रडू फुटतं. त्याचा बाप त्याच्या हातांत शिल्लक होता. नव्या जगाला देण्यासाठी बाल्टरकडे जे होतं ते नेमकं त्याने टाकून दिलेलं होतं.

त्याने ते दिलंही असेल. त्या उतारावर पहिला वाफा धरला असेल, कुण्या शेजाऱ्याच्या पोराला बी किती खोल टाकायचं ते बोटाने दाखवलं असेल. ते पोर पुढे आपल्या पोरांना दाखवत राहिलं असेल, किती पिढ्या ते कळायला मार्ग नाही. आपल्या पृथ्वीवर शेतीच्या सर्वांत जुन्या पक्क्या खुणा सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मधली जवळजवळ एक लाख चाळीस हजार वर्षं कुणी काही पेरलं नाही.